पान बंद करू नका

सूतगिरणी चौकातून गारखेड्यात शिरलं की डाव्या हाताला साड्यांचं एक मोठं दुकान लागतं. त्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, पाच-सहा खुर्च्या आणि एक कूलर. त्या उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी घालायचं नाही असं आमच्या मालकांनी, रामकिसनभाऊंनी सांगून ठेवलं होतं, त्यामुळं तो नुसता गरम वारा फेकत बसायचा. पाण्याचा धंदा करणाऱ्यांच्या ऑफिसात कोरडा कूलर, म्हणून येणारे-जाणारे हसायचे.

एकोणीस सालचा उन्हाळा होता तो. आधीचा पावसाळा नुसता तोंड दाखवून गेला होता. जायकवाडीनं तळ गाठला होता, नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि शहर मात्र वाढायचं थांबत नव्हतं. सातारा परिसराकडं, हर्सूलच्या पुढं, पार सावंगीपर्यंत. जिथं पाइपलाइन पोचली नव्हती तिथं चार-चार मजले उभे राहिले होते, आणि त्या मजल्यांवरच्या माणसांना टँकरशिवाय दुसरा आधार नव्हता.

रामकिसनभाऊ मूळचे टँकरवालेच. दिवसभर फोनवर शिव्या खाऊन वैतागले आणि त्यांनी ‘ओंजळ’ नावाचं ॲप काढलं. शहरातले बरेच खासगी टँकरवाले त्यात आले. रोज सकाळी अकराला दुसऱ्या दिवशीचं बुकिंग उघडायचं. टँकर थोडे, मागणारे उदंड. अकराच्या ठोक्याला अर्धं शहर मोबाइलवर अंगठा टेकवून बसलेलं असायचं.

मी विश्वजीत. फुलंब्रीजवळच्या एका गावचा, इथंच इंजिनिअरिंग केलेला. अकराला जी झुंड यायची तिच्यापुढं ॲप उभं ठेवायचं, एवढंच माझं काम. आमचे सर्व्हर म्हणजे मुंबईत कुठंतरी भाड्यानं घेतलेली यंत्रं. गर्दी वाढली की आणखी घ्यायची, ओसरली की सोडून द्यायची. तरीही दार मोडू नये म्हणून मी एक रांग केली होती. झेपतील तेवढी माणसं आत, बाकीच्यांच्या मोबाइलवर एक पान: ‘आपण रांगेत आहात. पान बंद करू नका.’ हे वाक्य मीच लिहिलं होतं. त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

माझ्या स्क्रीनवर त्या गर्दीची एक हिरवी रेघ दिसायची. अकराला ती बाभळीच्या काट्यासारखी सरळ वर जायची आणि टँकर संपले की तशीच सरळ खाली यायची. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. मग आम्ही चहा मागवायचो.

दुसऱ्या खोलीत सोनिया बसायची. हेल्पलाइन तिच्याकडं होती. वाळूजहून रोज बसनं यायची, वडील तिथल्याच एका कारखान्यात. तिची एक सवय होती: ती फोन आधी ठेवायची नाही. समोरचा कितीही बोलो, शिव्या देवो, तिकडून बंद झाल्याशिवाय ही हेडफोन काढायची नाही.

एप्रिलच्या मध्यावर एके दिवशी टँकर संपले आणि रेघ खाली आली नाही.

चहा आला, गार झाला. रेघ तिथंच. दुपारच्या डब्याच्या वेळीसुद्धा हजारो माणसं रांगेत उभी होती. द्यायला काही उरलं नव्हतं आणि तसं पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं. तरी कुणी हलत नव्हतं. उन्हं कलायला लागली तशी ती एकेक करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी रेघ आणखी वर.

“कुणीतरी बदमाशी करतंय,” भाऊ म्हणाले. “बुकिंग अडवायचं अन् ब्लॅकनं विकायचं. हुडक त्याला.”

मलाही तसंच वाटलं. यंत्रानं केलेली गर्दी ओळखू येते. यंत्र चुकत नाही, दमत नाही, एकाच चालीनं येतं. मी रांगेतल्या एकेकाच्या हालचाली बघायला लागलो. ही मंडळी चुकत होती. अक्षर लिहायची, पुसायची. मधेच थांबायची. रांग सोडून जायची आणि घाईघाईनं परत यायची, एखाद्याला घरात हाक आली असावी तशी. काहींना एकेक अक्षर उमटवायला इतका वेळ लागायचा, की बोटं कापणारं म्हातारं माणूस डोळ्यापुढं यायचं.

मोबाइल कुठं आहे हे ॲपला आपोआप कळतं. मी नकाशा उघडला. सगळी एका ठिकाणी होती.

सावंगीच्या पुढं, फुलंब्रीच्या रस्त्याला, डाव्या हाताच्या माळावर.

ती जागा मला परकी नव्हती. गावी जाताना मी दर पंधरा दिवसांनी तिथून जात होतो. प्लॉटिंगची एक कमान आणि तिच्यामागं चुन्यानं रंगवलेले दगड. बाकी काही नाही.

पत्त्याखाली आम्ही ‘जवळची खूण’ लिहायला एक रकाना ठेवला होता. त्यात त्यांनी लिहिलं होतं. ‘सी बिल्डिंग, तिसरा मजला.’ ‘शाळेच्या मागं.’ ‘गेटातून सरळ, टाकीखाली.’ काही खुणा वेगळ्याच होत्या. ‘वेशीच्या आत.’ ‘बारवेजवळ.’ ‘गुरांच्या छावणीत, कडंला.’ एकानं नुसतं ‘इथंच’ असं लिहिलं होतं.

मी मोटारसायकल काढली.

तिथं पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. कमानीवरचा फ्लेक्स फाटून लोंबत होता. त्यावरच्या हिरव्या बागेचा आणि कारंज्याचा अर्धा भाग तेवढा उरला होता. ना कुठं सी बिल्डिंग होती, ना वेस, ना बारव. मी खिशातून मोबाइल काढला. रेंज नव्हती. कमानीपासून पार टोकापर्यंत चालत गेलो, कुठंच नव्हती. इथून मोबाइलवर साधा निरोपसुद्धा जाऊ शकत नव्हता, मग हजारो माणसं आमच्यापर्यंत पोचत होती ती कशी?

कडेच्या लिंबाखाली एक धनगर कुटुंब उतरलं होतं. मेंढरं रस्त्याच्या बाजूला होती. चुलीपाशी एक वयस्क बाई बसली होती. मी पाणी मागितलं नाही. त्या दिवसांत कुणी कुणाला मागत नव्हतं. तिनं स्वतःहून तांब्या पुढं केला. म्हाळसाबाई नाव सांगितलं.

“हे प्लॉट घ्यायला आलाव व्हय?”

“नाही. इथं कुणी राहतं का, ते बघायला आलो.”

तिनं माळाकडं बघितलं, मग चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“राहत नाय कुणी. पर दुपारच्याला बायांचा आवाज येतोय. घागरी टेकल्याचा, हंडं सरकवल्याचा. आमचं माणूस म्हणतंय वारा हाये.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय कळतंय बाबा. पर पाण्यावर बाया जमल्या अन् भांडल्या नाईत, असं कुठं असतंय? ह्या भांडत नाईत. लई येळ झाला तरी कुणी वरडत नाय. भांडत असत्या तर मला भ्याव नसतं वाटलं.”

मी कान देऊन उभा राहिलो. मला काही ऐकू आलं नाही. फक्त फाटका फ्लेक्स कमानीवर आपटत होता.

“उद्या हालणार आम्ही इथून,” म्हाळसाबाई म्हणाली.

परत आलो आणि मी तो माळ बंद करून टाकला. म्हणजे त्या ठिकाणाहून येणाऱ्याला ॲपनं आत घ्यायचंच नाही, असं करून ठेवलं. त्यांना आता एक दुसरं पान दिसणार होतं: ‘आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही. अडचण असल्यास हेल्पलाइनला फोन करा.’ खाली नंबर. हे पान सेवा नसलेल्या सगळ्याच भागांना दिसायचं, म्हणून मी त्यावर विचार केला नाही.

रेघ सरळ झाली. अकराला वर, सव्वाअकराला खाली. भाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. कितीतरी दिवसांनी मी गरम चहा प्यायलो.

दोन-तीन दिवस गेले असतील. दुपारचं जेवण करून उठलो तर सोनिया दुसऱ्या खोलीत फोनवर होती. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. आजारी माणसाशी बोलावं तसं ती बोलत होती.

“हो आजी. हो. तुमच्या आधी कोण आहे? बरं. त्यांच्या आधी? … बरं.”

मी दारात उभा राहिलो. ती बराच वेळ नुसतं “हो” म्हणत होती. मग फोन तिकडून बंद झाला असावा. तिनं हेडफोन काढला, आणि फोन लगेच पुन्हा वाजला.

“कोण आहेत?”

“तेच सर. माळावरचे.”

“तुला कुणी सांगितलं माळावरचे म्हणून?”

“ते सांगतात ना. सी बिल्डिंग, बारव, वेस. सगळे एकमेकांना ओळखत नाहीत, पण एका रांगेत आहेत. आपला नंबर कधी येईल एवढंच विचारतात.” तिनं ओढणीनं कपाळ पुसलं. “आवाज लांबून येतो. पण शिव्या देत नाहीत सर. एकसुद्धा नाही.”

“फोन घेऊ नकोस.”

“पाणी मागणाऱ्याचा फोन कसा घ्यायचा नाही?”

तिच्यावर ओरडायला हवं होतं. पण मी सरळ भाऊंकडं गेलो. भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, पोरगी दमलीय, दोन दिवस सुट्टी दे. तिनं सुट्टी घेतली नाही.

दवाखान्यांसाठी म्हणून आम्ही रोज दोन टँकर बाजूला ठेवत होतो. ते कुणाला द्यायचे हे सोनिया ठरवायची. त्यातला एक तिनं पुढच्या दिवशी माळावर पाठवला. मला कळलं ते टँकर गेल्यानंतर. पुंजाराम नावाचा आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर घेऊन गेला होता. उभ्या शहरात असा एक बोळ नव्हता, ज्यात त्यानं टँकर उलटा घातला नसेल.

दिवस मावळायच्या आत तो परत आला. खाली टँकर लावून जिना चढून वर आला. तो कधी वर यायचा नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“कुणी होतं तिथं?” मी विचारलं.

“नाय.”

“मग पाणी?”

“दिलं.”

“कुणाला दिलं पुंजारामभाऊ?”

त्यानं माझ्याकडं न बघता सांगायला सुरुवात केली. “म्हणलं, चुकीचा पत्ता हाये. माघारी फिरावं. पर फिरायच्या आधी पाइप बघावा म्हणून वॉल सोडला, वाईच. पाणी आलं. पर साहेब, पाणी खाली पडंना.”

“म्हणजे?”

“पाइपातून निघतंय, दिसतंय, अन् भुईवर येतच नाय. भुई कोरडी ठाक. अन् आवाज… घागर भरत आली की पाण्याचा आवाज चढत जातो बघा, बारीक होतो. तसा. एक भरली की क्षणभर थांबायचा, मग दुसरी. मला वॉल बंद करायचं सुचलंच नाय. टँकर रिकामा होस्तर मी पाइप धरून उभा.”

सोनिया मधल्या दारात येऊन उभी होती.

“सगळ्यांना पुरलं का?” तिनं विचारलं.

पुंजारामनं मान हलवली. “नाय पुरलं. शेवटी नुसतंच उभं होते. मला दिसत नव्हते, पर उभं होते.”

किल्ली त्यानं टेबलावर ठेवली. भाऊंनी नंतर घरी जाऊन लई समजावलं, पण तो परत कामावर आला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला रेघ वर गेली आणि स्क्रीनच्या बाहेर गेली.

आकडे मोठे करून बघितलं, पुन्हा बाहेर. मी आणखी सर्व्हर घेतले. ते उभे राहायच्या आत भरले. आणखी घेतले, तेही भरले. उन्हाळ्याची भेगाळलेली जमीन बादलीभर पाणी ओतलं की जशी गिळून टाकते, तसं मी देईन ते सगळं नाहीसं होत होतं. मुंबईहून त्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. तुमच्या शहरात काय चाललंय, म्हणाला. एवढी तुमच्या शहराची लोकसंख्यासुद्धा नाही.

माळ मी बंद करून ठेवला होता. पण ते आता माळावरून येत नव्हते. नकाशावर ते सगळीकडं होते: मुकुंदवाडीत, देवळाईत, हर्सूलला, आमच्या खालच्या साडीच्या दुकानापाशी. खऱ्या माणसांच्या मधे मधे उभे. कोण कोणता, हे सांगायला माझ्याकडं एकच उपाय उरला होता, तो खुणेचा रकाना. मी तो उघडला.

‘सोनियाताईंनी सांगितलंय.’

एकाखाली एक, जिथवर बघू तिथवर तेच. ‘सोनियाताईंनी सांगितलंय.’ ‘सोनियाताईंनी उद्या म्हणलं होतं.’ ‘सोनियाताई आहेत का?’

“तू काय सांगितलंस त्यांना?”

“ज्यांना मिळालं नाही ते विचारत होते,” ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “मी म्हटलं उद्या देऊ. आपण सगळ्यांनाच असं म्हणतो ना सर?”

तो आठवडा मला नीट आठवत नाही. खऱ्या माणसांना ॲप उघडत नव्हतं. टँकर भरून उभे होते आणि ते कुणाला द्यायचे ते कळत नव्हतं. भाऊंनी फोनवर बुकिंग घ्यायचं ठरवलं, तर फोन सकाळपासून संध्याकाळपर्यंत व्यस्त. ड्रायव्हर अंदाजानं वस्त्यांमध्ये जायचे आणि तिथं मारामाऱ्या व्हायच्या. मी रोज काहीतरी नवं करून बघायचो. गणितं घातली, कोडी घातली, फोनवर येणारा आकडा विचारला. ती सगळी कोडी ते सोडवत होते. सावकाश, चुका करत, पुसत, पण सोडवत होते. रांग सोडायला कुणी तयार नव्हतं.

एका सकाळी देवळाईकडच्या द्वारकाबाई जिना चढून आल्या. त्यांना मी सोनियाच्या बोलण्यातून ओळखायचो. टँकर आला की सोनियाला मुद्दाम फोन करून सांगणाऱ्या त्या एकट्याच. नवऱ्याला लकवा झालेला, तो अंथरुणावर. इमारतीतले बाकीचे लोक उन्हाळ्यापुरते गावी निघून गेले होते.

आज त्या भांडायला आल्या असतील म्हणून मी उठून उभा राहिलो. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. काचेला तडा गेलेला, चार्जरची वायर तशीच लोंबत होती. पानावर माझं वाक्य होतं.

“बाबा, हे बंद करू नका म्हणलंय ना, म्हणून मी बंद केलं नाही,” त्या म्हणाल्या. “परवापासून चालू ठेवलंय. लेकीला फोन करायचा होता, तरी केला नाही. डॉक्टरला करायचा होता, तरी केला नाही. म्हणलं नंबर जाईल.”

“काका कसे आहेत मावशी?”

“काल गेले ना,” त्या म्हणाल्या. “आता बंद करू का?”

मी तो मोबाइल हातात घेतला आणि पान बंद केलं. माझ्याच्यानं दुसरं काही झालं नाही. सोनियानं त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी अर्धा ग्लास प्यायला आणि अर्धा कुठं ओतायचा म्हणून हातात धरून बसल्या. नंतर लेक येऊन त्यांना जालन्याला घेऊन गेली.

त्याच दुपारी मी भाऊंना म्हणालो, “बंद करतो. सगळंच.”

“कर,” ते म्हणाले आणि खाली निघून गेले.

मी एकेक सर्व्हर सोडून दिला. रांग मोडली. ॲप मिटवलं. हेल्पलाइनची वायर भिंतीतून काढली.

रेघ नाहीशी झाली. स्क्रीन कोरी झाली.

फारच शांत वाटलं. खाली दुकानात कुणीतरी कापडाचं थान उलगडत होतं, तेवढा आवाज. बाहेर रस्ता उन्हानं पांढरा पडला होता.

“सर,” सोनिया म्हणाली.

कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा जार होता. त्यात एक बुडबुडा वर आला.

तोटीजवळ कुणी नव्हतं. तोटी बंद होती.

दुसरा बुडबुडा आला. मग तिसरा. जारमधलं पाणी बोटभर खाली गेलं.

मी उठायचा प्रयत्न केला. खुर्चीचे हात धरले होते, ते सुटेनात.

जिन्यावर पावलांचा आवाज नव्हता. पण दारातून येणारा उजेड मंद झाला, दारात माणसं उभी राहिली की होतो तसा.

सोनिया उठली. तिनं कपाटातून ग्लास काढले. असतील तेवढे सगळे. जारखाली एकेक धरून भरले आणि उंबऱ्याजवळच्या टेबलावर मांडून ठेवले.

मग ती बाजूला झाली.

“कुणी ढकलत नाही सर,” ती हळूच म्हणाली. “सगळे रांगेत आहेत.”

ग्लास रिकामे होत होते. ती भरत होती.

जार संपला तेव्हा तिनं तो तिरका केला आणि शेवटचं पाणी एका ग्लासात काढलं. नंतर ती दाराकडं तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही हात पुढं करून दाखवले. रिकामे.

दारातला उजेड मात्र परत आला नाही. ऊन कलेपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो.

‘ओंजळ’ पुन्हा सुरू झालं नाही. जून संपता संपता पाऊस आला, थोडा, पण आला. भाऊंनी टँकर विकले आणि शेतीकडं वळले. मला पुण्यात नोकरी मिळाली. तिथंही मी तेच काम करतो. सणासुदीला एका मोठ्या दुकानाच्या वेबसाइटवर झुंड येते, ती झेलायची. त्या गर्दीला फक्त साड्या आणि मोबाइल हवे असतात, त्यामुळं मला झोप लागते. त्या माळावर आता इमारती झाल्या आहेत असं गावाकडचे सांगतात; त्यात सी बिल्डिंग आहे का, ते मी विचारलं नाही. गावी जाताना मी दुसऱ्या रस्त्यानं जातो.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा पाण्याची बोंब होती. एका लग्नासाठी मी शहरात आलो होतो. सोनियाचं लग्न होऊन ती वाळूजजवळच राहते हे कळलं होतं, म्हणून जाऊन आलो. खालच्या मजल्याचं छोटं घर. बाहेरची खोली, तिथून मधला बोळ, मागं स्वयंपाकघर. तिचे यजमान एका कारखान्यात सुपरवायझर. दुसऱ्या पाळीला जायचं होतं म्हणून घरीच होते. माणूस मोकळा, हसरा. लाकडी खुर्चीवर बसून, पाय बोळाच्या तोंडाशी लांब सोडून पेपर वाचत होते.

“हिनं तुमच्या त्या ॲपच्या गोष्टी सांगितल्यात,” ते म्हणाले. “उन्हाळ्यात डोकं फिरतं माणसाचं. मी नाही मानत असलं काही.”

सोनिया हसली. ती बारीक झाली होती, पण बरी दिसत होती. आम्ही जुन्या गोष्टी बोललो. त्या विषयाला दोघांनीही हात लावला नाही. बोलता बोलता तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि उठली.

“बसा सर. आलेच मी.”

ती बोळातून आत गेली. स्वयंपाकघरात स्टीलची भांडी ओळीनं मांडल्याचा आवाज आला.

यजमानांनी पेपरचं पान उलटलं. डोळे पेपरावरच होते. त्यांनी लांब सोडलेले पाय जवळ ओढून खुर्चीखाली घेतले, एसटीत कुणाला वाट द्यावी तसे. कुणीच आलं नव्हतं. माझं लक्ष आहे हेही त्यांना जाणवलं नाही.

मी वाट बघत होतो. त्यांचं ते पान वाचून झालं, मग पुढचं झालं. पाय त्यांनी बराच वेळ परत लांब केले नाहीत.